मागूरच्या पोटातली एकोणसाठ नावं

नागपूरचे प्राणिशास्त्रज्ञ एम. ए. मोघे यांचा एक छोटा लेख 1925 साली 'पॅरासिटॉलॉजी' या इंग्लंडमधल्या नियतकालिकात छापून आला. मागूर माशाच्या आतड्यात त्यांना पांढरट, सपाट, अंगावर एकही खंड नसलेला एक पट्टकृमी सापडला होता. शास्त्राला ही जात अपरिचित होती. मोघ्यांनी तिचं वर्णन केलं, आकृत्या काढल्या आणि 'कॅरिओफिलीयस इंडिकस' असं नाव दिलं. पुढे ही जात 'लायटोसेस्टस' या प्रजातीत गेली. आपण वर्णन केलेल्या जातीकडे मोघे 1931 साली पुन्हा वळले आणि राहून गेलेले तपशील भरून काढणारा पुरवणी लेख त्यांनी त्याच नियतकालिकात लिहिला.

त्यानंतरच्या ऐंशी वर्षांत मागूरच्या आतड्यातल्या या गटातल्या कृमींना नावं देण्याची रीघ लागली. 2011 साली अनिर्बान अॅश, टॉमाश शॉल्झ, मिकुलाश ओरोस आणि प्रदीपकुमार कर यांनी हिशेब मांडला तेव्हा ही नावं 59 भरली. या चौघांनी भारत, इंडोनेशिया आणि थायलंडमधून ताजे नमुने गोळा केले, जुनी वर्णनं एकेक करून तपासली आणि निष्कर्ष काढला : 59 पैकी 8 जाती खऱ्या. उरलेली नावं म्हणजे याच आठांना पुन्हापुन्हा दिलेली नावं, किंवा ज्यावरून काहीच ठरवता येऊ नये इतकी अपुरी वर्णनं.

या आठांत मोघ्यांची जात आहे. तिचं पूर्ण नाव आज 'लायटोसेस्टस इंडिकस (मोघे, 1925)' असं लिहितात. प्रजाती बदलली की मूळ वर्णनकर्त्याचं नाव कंसात जातं, पण पुसलं जात नाही.

एक नाव शंभर वर्षं टिकतं आणि पन्नासएक नावं एका लेखात गळून पडतात, असं का होतं? हा प्रश्न आपल्यासाठी परका नाही. मराठवाडा, नळदुर्ग, चाळीसगाव ही आपल्या मुलखाची नावं धारण करणाऱ्या 'लायटोसेस्टस'च्या जाती गेल्या काही दशकांत नोंदवल्या गेल्या. टिकलेल्या आठांत त्यांतली एकही नाही.

खंड नसलेला पट्टकृमी

शाळेच्या पुस्तकातला पट्टकृमी माणसाच्या आतड्यातला : लांबच लांब फीत, शेकडो खंडांची, प्रत्येक खंडात नर आणि मादी अशा दोन्ही जननेंद्रियांचा पूर्ण संच. तोंड नाही, आतडं नाही. यजमानानं पचवलेलं अन्न हा प्राणी थेट त्वचेतून शोषून घेतो. त्या त्वचेवर अतिसूक्ष्म केसांसारखी दाट लव असते आणि तिच्यामुळे शोषणाचं क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढतं.

मागूरमधले हे कृमी याच वर्गातले, तरी वेगळ्या वळणाचे. 'कॅरिओफिलिडिया' या त्यांच्या गणात शरीराचे खंड पडत नाहीत. एक कृमी म्हणजे एकच देह आणि त्यात जननेंद्रियांचा एकच संच. गोड्या पाण्यातले मासे हेच त्यांचं घर, त्यातही मागूर-शिंगाळ्यांचं आणि कार्पचं कुळ. लांबी बहुधा एक-दोन सेंटिमीटर.

त्यांचं जीवनचक्रही आटोपशीर आहे. अंडी माशाच्या विष्ठेतून पाण्यात पडतात आणि तळाच्या गाळात बसतात. गाळात राहणारे ट्युबिफेक्ससारखे वळवळे कृमी ती गिळतात. त्यांच्या शरीराच्या पोकळीत अंड्यातला गर्भ वाढून अळी तयार होते. मागूर रात्री तळ उकरत फिरतो, हे गाळातले कृमी खातो आणि अळी आतड्यात पोहोचून प्रौढ होते. या साखळीत माणूस कुठेच येत नाही. मागूरच्या आतड्यातला हा जंत माणसाच्या आतड्यात वाढत नाही आणि नीट शिजवलेल्या माशाला घाबरण्याचंही कारण नाही.

जगभरात पट्टकृमींचे 19 गण आणि 4,800च्या आसपास जाती मान्य आहेत. जॅनिन कैरा आणि कर्स्टन जेन्सन यांच्या नेतृत्वाखाली 2008 ते 2017 या काळात पृथ्वीवरच्या पृष्ठवंशी प्राण्यांमधल्या पट्टकृमींचं मोठं सर्वेक्षण झालं. त्यात शेकडो नव्या जाती हाती लागल्या आणि अजून किती शिल्लक आहेत याचाही अंदाज आला. नव्या जाती खरोखरच आहेत, आपल्या नद्यांतही असणार. म्हणूनच त्या कशा नोंदवायच्या हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे.

टेबलावरची पहिली पंधरा मिनिटं

नव्या जातीचं भवितव्य बऱ्याचदा प्रयोगशाळेतल्या टेबलावर, मासा चिरल्यानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत ठरतं.

मागूर हवेत श्वास घेऊ शकतो. त्यामुळे भोई आणि ढिवर त्याला बाजारात जिवंत आणतात. ओल्या टोपलीत, जेमतेम अंग भिजेल एवढ्या पाण्यात, चार जोड्या मिशांचा हा काळपट मासा तासन्‌तास तग धरतो. अभ्यासकाला याचा मोठा फायदा. मासा मेला की आतड्यात सडण्याची क्रिया सुरू होते आणि त्याबरोबर कृमीही मरतात, फुगतात, त्यांची त्वचा सुटू लागते. दुपारी मेलेल्या माशातून संध्याकाळी काढलेला कृमी आपला खरा आकार हरवून बसलेला असतो.

आतडं कात्रीनं लांबीत उभं चिरून सलाईनच्या पेट्री डिशमध्ये पसरायचं. आतला चिकट श्लेष्मा हळूहळू सुटतो आणि पांढरे धागे दिसू लागतात. भिंगाखाली पाहिलं तर त्यांचं डोकं दिसतं. काही जातींत ते साधं, बोथट असतं. काहींत ते आतड्याच्या भिंतीत इतकं खोल रुतलेलं असतं की बाहेरून तिथे गाठ आलेली दिसते. 'जोम्बांगिया पेनेट्रान्स' ही जात अशीच भिंतीत घुसते. तिला चिमट्यानं ओढलं तर डोकं आतच राहतं आणि हाती येतो तो मुंडकं तुटलेला, ओळखीच्या कामाचा नसलेला तुकडा. तिथे भिंतीचा तुकडाच कापून घ्यावा लागतो.

जिवंत कृमी सतत आखडतो आणि लांबतो. पिळून ठेवलेला पंचा आणि दोरीवर वाळत घातलेला पंचा एकच असतो, तसाच आखडलेला आणि ताणलेला कृमी एकच असतो. फक्त मोजमापावर विसंबलं तर त्या दोघांची नोंद दोन जाती म्हणून होईल. म्हणून आज सर्वमान्य रीत अशी : कृमी सलाईनमध्ये स्वच्छ धुवायचा आणि त्यावर जवळजवळ उकळतं चार टक्के फॉर्मॅलीन ओतायचं. तो क्षणात, सरळ आणि शिथिल अवस्थेत मरतो. सगळे नमुने एकाच अवस्थेत मेले की त्यांची आपसात तुलना करता येते. त्यांतले काही नमुने, किंवा एखाद्याचा छोटा तुकडा, डीएनएसाठी शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवायचे, कारण फॉर्मॅलीनमध्ये डीएनए खराब होतो.

आपल्याकडे पूर्वी सर्रास चालायची ती रीत वेगळी होती. कृमी दोन काचांमध्ये दाबून चपटा करायचा आणि तशाच अवस्थेत टिकवायचा. चपटा झाला की आतले अवयव एका पातळीत दिसतात, आकृती काढायला सोपं जातं. पण दाबानं अंडाशय पसरतं, वृषणं सरकतात, डोक्याचा आकार बदलतो. मग 'डोकं रुंद', 'मान आखूड', 'अंडाशयाच्या पाळ्या लांब' अशी वैशिष्ट्यं नोंदली जातात. ती कृमीची नसतात, अंगठ्याच्या दाबाची असतात.

लवंग तेल, बाल्सम आणि आडवा काप

टिकवलेला कृमी रंगवावा लागतो. कोचिनिअल किड्यापासून मिळणारा कार्माइन हा लाल रंग यासाठी शतकभराहून अधिक काळ वापरात आहे. रंगवलेला नमुना टप्प्याटप्प्यानं तीव्र अल्कोहोलमधून नेत त्यातलं पाणी काढायचं, मग तो लवंग तेलात ठेवायचा. पाहतापाहता तो काचेसारखा पारदर्शक होतो आणि आतले अवयव लाल नक्षीसारखे उजळतात. शेवटी कॅनडा बाल्समच्या थेंबात बसवून वर कव्हरस्लिप ठेवायची. नीट केलेली स्लाइड शंभर वर्षं टिकते.

या नक्षीत पाहायचं काय? कॅरिओफिलिडियात मोजमापापेक्षा मांडणी बोलते. पहिलं वृषण डोक्यापासून किती मागे सुरू होतं. पीतकाचे, म्हणजे अंड्याला पोषण पुरवणाऱ्या ग्रंथींचे, पुंजके त्याच्या पुढे आहेत की मागे. अंडाशय इंग्रजी एच अक्षरासारखं आहे की वेगळं. अंडाशयाच्या मागेही पीतकाचे पुंजके आहेत की तिथे जागा मोकळी आहे. गर्भाशय कुठपर्यंत येतं. या खुणा कृमी आखडला तरी फारशा बदलत नाहीत, म्हणून त्यांना वजन.

पण सगळ्यांत महत्त्वाची खूण स्लाइडवर वरून पाहून कळतच नाही. या कृमीच्या अंगात स्नायूंचा एक उभा थर असतो. पीतकाचे पुंजके त्या थराच्या बाहेर आहेत की आत, यावर कृमी कोणत्या कुळातला हे परंपरेनं ठरत आलं आहे. बाहेर असतील तर 'लायटोसेस्टिडी', आत असतील तर 'कॅरिओफिलीइडी'. हे पाहायला कृमी मेणाच्या ठोकळ्यात बसवून मायक्रोटोमवर त्याचे आडवे, अतिशय पातळ काप घ्यावे लागतात. काम वेळखाऊ आणि हात बसलेला लागतो. वर्णनात हे काप नसतील तर कृमीचं कूळही पक्कं झालेलं नसतं, मग जात तर दूरच. मागूरमधल्या कितीतरी 'नव्या' जाती या कापांविनाच छापल्या गेल्या.

यजमान तरी तोच का?

परजीवीची ओळख पटवताना अभ्यासक यजमानावर मोठी भिस्त ठेवतो. 'मागूरमध्ये सापडला' हा पुराव्याचाच एक भाग धरला जातो. पण मागूरचीच ओळख बदलली तर?

लिनियसनं 1758 साली ज्याला नाव दिलं तो 'क्लॅरियस बॅट्राकस' म्हणजेच आपला मागूर, असं सव्वादोनशे-अडीचशे वर्षं मानलं गेलं. 2008 साली हीओक ही इंग आणि मॉरिस कोटलाट यांनी त्या नावाची मुळं तपासली आणि ते नाव जावा बेटावरच्या माशाचं ठरवलं. भारतातला मागूर वेगळा निघाला. त्याचं आजचं नाव 'क्लॅरियस मागूर', हॅमिल्टननं 1822 साली गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात दिलेलं. म्हणजे जुन्या लेखांतला 'बॅट्राकस' कुठे जावाचा मासा आहे, तर कुठे नागपूरचा.

बाजारात आणखी एक घोळ आहे. 'थाई मागूर' म्हणून जो मासा विकला जातो तो मुळात आफ्रिकेतला 'क्लॅरियस गॅरिपिनस'. तो झपाट्यानं वाढतो, देशी मासे फस्त करतो. केंद्र सरकारनं 2000 सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली आणि महाराष्ट्रातही त्याची तळी नष्ट करण्याच्या कारवाया झाल्या. तरी त्याची विक्री पूर्ण थांबलेली नाही. मंडईतून 'मागूर' म्हणून घेतलेला मासा कोणता, हे ठरवल्याशिवाय त्याच्या पोटातल्या कृमीविषयी काही बोलणं धोक्याचं. म्हणूनच मासाही जपून ठेवावा लागतो, निदान त्याचे स्पष्ट फोटो आणि परांचा एक तुकडा तरी.

देशी मागूर आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत धोक्यातल्या जातींमध्ये आहे. ओढे आणि पाणथळ जागा कमी झाल्या, भातखाचरांतलं पाणी रसायनांनी बदललं, आफ्रिकी मागूर त्याच्या जागेत शिरला. एखाद्या यजमानापुरताच जगणारा कृमी यजमानाबरोबर संपतो. आपण त्याचं नीट वर्णन केलेलं नसेल तर तो होता की नव्हता, हेही पुढच्या पिढीला सांगता येणार नाही.

एवढी नावं आली कुठून

छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ आणि मराठवाड्यातली महाविद्यालयं यांत पट्टकृमींच्या अभ्यासाची मोठी परंपरा उभी राहिली. जायकवाडी, पैठण, गोदावरी आणि तिच्या उपनद्या इथल्या वाम, मरळ, डोक, शिंगाळा, मागूर या माशांवर शेकड्यांनी प्रबंध झाले. दुष्काळी मुलखातल्या, साधनं तोकडी असलेल्या महाविद्यालयांतून मुलामुलींनी मासे गोळा केले, स्लाइडी केल्या, आकृत्या काढल्या. प्राणिशास्त्राची गोडी किती विद्यार्थ्यांना लागली याची मोजदाद होणार नाही. ही परंपरा हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

अडचण चौकटीत होती. 'नवी जात' हे प्रबंधाचं आणि पदोन्नतीचं चलन बनलं. जुन्याच जातीचं नव्यानं, अधिक नेमकं वर्णन केलं तर त्याला 'नवं काय?' असा प्रश्न येणार. नवं नाव दिलं तर काम सिद्ध. तुलनेसाठी लागणारे मूळ नमुने दूरच्या संग्रहालयांत, मूळ लेख परदेशी नियतकालिकांत. गावातल्या ग्रंथालयात मिळालेल्या दोन-चार लेखांशी मोजमापं ताडून पाहायची आणि फरक दिसला की नाव द्यायचं, अशी रीत पडली. मोजमापांतला फरक आखडलेल्या आणि दाबलेल्या कृमींमध्ये नेहमीच दिसणार. त्यावर कडी म्हणजे अनेक जातींचे मूळ नमुने सार्वजनिक संग्रहालयात जमा झाले नाहीत. विभागाच्या कपाटात राहिले, शिक्षक निवृत्त झाले, कपाट हललं. नाव छापील राहिलं, पण ते ज्याचं होतं तो कृमी कुणालाच पाहता येईना.

इथे प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचं मर्म कळतं. नवी जात जाहीर करताना एक नमुना 'होलोटाइप' म्हणून निवडावा लागतो. ते नाव कायमचं त्या एका नमुन्याला बांधलं जातं. वर्णन चुकू शकतं, आकृती चुकू शकते. नमुना असेल तर पुढचा माणूस चूक सुधारू शकतो. 2000 सालापासून संहितेची चौथी आवृत्ती लागू आहे. तिच्यानुसार नव्या जातीसाठी असा नमुना ठरवणं आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवणार आहे हे सांगणं बंधनकारक आहे. भारताच्या 2002च्या जैवविविधता कायद्यानंही नव्या जातीचा नमुना सरकारनं नेमलेल्या भांडारात द्यायला सांगितलं आहे. 1916 साली स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था हे त्यांपैकी प्रमुख भांडार.

नियमांत आणखी एक साधं तत्त्व आहे : एकाच जातीला दोन नावं पडली तर आधीचं टिकतं. म्हणूनच मोघ्यांचं 1925चं नाव उभं राहिलं आणि नंतरची अनेक नावं त्याच्याखाली गेली. मोघ्यांचं वर्णन अपुरं असतं तर मात्र नुसतं आधी असणं त्यांच्या कामी आलं नसतं. त्यांच्या कृमीला पुढचा अभ्यासक ओळखू शकला, हे त्यांचं खरं यश.

नाव चुकलं तर बिघडतं कुठे?

कृमीच्या नावावरून एवढा खल कशाला, असं वाटू शकतं. त्याचं उत्तर मत्स्यशेतीच्या तळ्यात आहे.

'आशियाई मत्स्य-पट्टकृमी' म्हणून ओळखली जाणारी एक जात यामागुती या शास्त्रज्ञानं 1934 साली जपानमधून वर्णन केली. आज तिचं नाव 'शायझोकोटायली अकायलोग्नाथी'. पूर्व आशियातली ही जात गवत्या आणि इतर कार्प माशांबरोबर जगभर नेली गेली. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत, तीनशेहून अधिक माशांच्या जातींत ती आढळली आहे. लहान माशांचं आतडं ती अडवते, बोटुकली मरतात. पाण्यातल्या कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जीवांमार्फत ती पसरते, म्हणजे तिला गाळातल्या कृमींची गरजच नाही. एका कृमीला गाळ लागतो, दुसऱ्याला तरंगणारा कोपेपॉड. तळ्यात साथ आली तर उपाय गाळावर करायचा की पाण्यावर, हे नावावरून ठरतं. नाव म्हणजे त्या जीवाच्या जगण्याबद्दल आजवर जमलेल्या सगळ्या ज्ञानाची किल्ली. एकाच जीवाला वीस नावं पडली की ते ज्ञान वीस ठिकाणी विखुरतं आणि कुणाच्याच हाती पुरतं लागत नाही.

जैवविविधतेच्या मोजणीलाही फटका बसतो. कागदावर एका माशात 59 जाती, प्रत्यक्षात 8. अशा फुगलेल्या आकड्यांवरून आपल्या नद्या किती समृद्ध आहेत हे ठरवलं, तर उद्या त्यांतलं काय गेलं हे कळायला मार्ग उरत नाही.

आता काय करता येईल

आज साधनं बदलली आहेत. जुने लेख संगणकावर मिळतात. डीएनएचा ठराविक तुकडा वाचून घेणं पूर्वीसारखं अशक्यप्राय राहिलेलं नाही. कृमीचा लहानसा तुकडा डीएनएसाठी कापून घ्यायचा आणि उरलेला कृमी रंगवून स्लाइडवर ठेवायचा, म्हणजे जनुकांचा पुरावा आणि शरीराचा पुरावा एकाच जीवाचा राहतो. डीएनए एकटा पुरत नाही. तो ज्या देहातून आला तो देह संग्रहात नसेल तर पुन्हा तोच घोळ.

2011चं पुनरीक्षण करणाऱ्यांत मेदिनीपूरच्या विद्यासागर विद्यापीठातले अभ्यासक होते आणि चेक प्रजासत्ताकातल्या परजीवीशास्त्र संस्थेतले अभ्यासकही. भारतातल्या जिल्ह्याच्या गावी बसून हे काम करता येतं, याचा हा दाखला. मराठवाड्यात तर नदी आहे, भोई आहेत, मासा ओळखणारे डोळे आहेत आणि दोन-तीन पिढ्यांचा स्लाइडी करण्याचा हात आहे. त्या कपाटांतल्या उरलेल्या स्लाइडी शोधून, नोंदी लावून संग्रहालयात पोचवणं हे पहिलं काम. ज्या तळ्यांतून, ज्या नद्यांतून जुनी नावं आली तिथून ताजे कृमी काढून त्यांचं नव्यानं वर्णन करणं हे दुसरं. आणि विद्यापीठांनी अशा पुनर्वर्णनाला नव्या जातीइतकंच मोल देणं हे तिसरं, कारण त्याशिवाय पहिली दोन कामं कुणी हाती घेणार नाही.

हे झालं तर नव्या जाती सापडायच्या थांबणार नाहीत, उलट खऱ्या नव्या जाती तेव्हाच दिसू लागतील. माहीत असलेल्या आठ जातींचा चेहरा पक्का झाला, की नववी समोर आल्यावर ओळखू येईल. तिला नाव देणाऱ्यानं गोदावरीचं नाव द्यावं, गावाचं द्यावं, गुरूचं द्यावं. त्या नावामागे चांगला टिकवलेला कृमी, आडवे काप, यजमानाची खात्री आणि कुणालाही उघडून पाहता येईल असा नमुना असेल, तर शंभर वर्षांनी त्याला तपासणारा माणूस मोघ्यांच्या जातीसारखीच तीही मान्य करील.